‘सहयोगी अध्ययन’ की ‘अभ्यास गट’?

प्रश्न : एका पुस्तिकेचं भाषांतर करते आहे. विषय असा, की माणसांनी एकत्र शिकत शिकत निसर्गाला न ओरबाडणारी आणि कुणाला न नागवणारी अर्थव्यवस्था उभी करावी. ‘सस्टेनेबल’साठी ‘शाश्वत’ रुळलाय, तो ठेवते. अडलंय ते ‘कोलॅबोरेटिव्ह लर्निंग’पाशी. शिक्षणशास्त्रात ‘सहयोगी अध्ययन’ आहे, पण ही पुस्तिका बचतगटातल्या बायकांच्या हातात जायची आहे. ‘सहकारी शिक्षण’ चालेल का?

उत्तर : ‘सहकारी’ टाळा. प्रवरेच्या साखर कारखान्यापासून ‘सहकार’ म्हटलं की आपल्यापुढे भागभांडवल, संचालक मंडळ आणि निवडणूक उभी राहते. वाचणारीला ते सहकार खात्याचं प्रशिक्षण वाटेल.

दुसरं उत्तर : गावाकडचा शब्द घ्या, ‘सावड’. आज माझ्या लावणीला तुम्ही सात जणी आलात, की तुम्हा सातजणींच्या शेतात माझा एकेक दिवस देणं लागला. सावड पैशानं नाही, दिवसानं फेडायची. ‘इर्जिक’ त्याहून निराळी. तिथे शेजारी आपापले बैल-औत घेऊन येतात, एका दिवसात रान उरकतात आणि यजमान जेवण घालतो. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी शेतकरी उतारावर भातखाचरं काढायला पाळीपाळीनं एकमेकांकडे राबतात, ती ‘पडकई’. पुढे सरकारी योजनेनंही तेच नाव घेतलं. मग ‘शिकण्याची सावड’ का नको?

प्रश्नकर्ती : ऐकायला फार गोड आहे. पण बायकांना दिवसाची फेड आठवेल ना?

तिसरं उत्तर : आठवेलच, आणि ‘सावडी’वर माझा आक्षेप तोच आहे. सावडीत काम आधीच ठरलेलं असतं आणि देणं मोजता येतं. एकत्र शिकताना काय हाती लागेल हे बसण्याआधी कुणालाच माहीत नसतं. त्यासाठी मराठीत नवा शब्द घडवायची गरज नाही, गडचिरोलीत तो गेली कित्येक वर्षं वापरात आहे : ‘अभ्यास गट’.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात गावचे नेते देवाजी तोफा, त्यांचे सहकारी कार्यकर्ते (आता दिवंगत) मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी एखाद्या प्रश्नावर बसायचे, बाहेरच्या जाणकारांनाही बोलवायचे, कायदा वाचायचे, जंगलाची माहिती गोळा करायचे. या बैठकीत निर्णय होत नाही, तो ग्रामसभेत आणि सर्वसहमतीनं होतो. मला या शब्दाचं खरं मोल इथे दिसतं. निर्णयाचा भार नसला की माणूस हरण्या-जिंकण्याच्या भीतीशिवाय विचारतो, मत बदलतो. पोळं जाळून माश्या मारण्याऐवजी त्यांना जगवून मध काढायचा विचार अशाच चर्चेतून पुढे आला. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क (जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा गावाचा कायदेशीर हक्क) मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही. बांबू विकून गावाला उत्पन्न मिळू लागलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्यामागे बसून केलेला अभ्यास मात्र फारसा कुणी सांगत नाही.

प्रश्नकर्ती : ‘अभ्यास’ म्हटलं की घरात पोरांचा गृहपाठच ना?

तिसरं उत्तर (पुढे) : शहरात तसं झालंय खरं. पण मुळात अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. जुन्या मराठीत सवयीलाही अभ्यास म्हणत. वाक्यात घालून बघा : ‘बियाणं घरचं ठेवायचं की विकतचं, यावर आमच्या अभ्यास गटात तीन वेळा बोलणं झालं, मग बचतगटाच्या सभेत ठरलं.’ इथे ‘सहयोगी अध्ययन’ घालून वाचा, वाक्य लगेच परकं होतं.

एक जपा : ‘अभ्यास मंडळ’ लिहू नका. ते विद्यापीठात अभ्यासक्रम ठरवतं.

प्रश्नकर्ती : मग शीर्षकात ‘अभ्यास गट’ घेते. आणि ‘सावड’ सोडवत नाही, ती शेतीच्या प्रकरणात तिच्या जागी येईल.