मदत हवी आहे: सॉकेट क्रमाने चालू करणारा बोर्ड, सगळे रिले एकदम चालू होतात

खटपट्या: सहा सॉकेट, आर्डुइनो नॅनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर बोर्ड), रिले (विजेने चालणारे स्विच) असलेला बोर्ड. बटण दाबलं की दोन-दोन सेकंदांनी क्रमाने चालू होतात. पण लाइट जाऊन आली की सगळे एकदम टक्! आणि एमसीबी पडतो. कोड तपासलाय, बरोबर आहे. लवकर सांगा, कार्यक्रम तोंडावर आलाय.

फ्यूजवायर: सॉकेटवर लोड काय? एमसीबी बी टाइपचा की सी?

टॉगल: इतका खटाटोप कशाला? वायफायवाले स्मार्ट प्लग घ्या, मोबाइलवरून टाइमर लावा.

खटपट्या: कार्यक्रमात वायफायच्या भरवशावर राहू? लोड साधाच आहे, मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर.

फ्यूजवायर: मिक्सर म्हणजे चटणीचा की साउंडचा? 😀

खटपट्या: साउंडचा हो! चार अ‍ॅम्प आहेत, मोठ्या टोरॉइड (कड्यासारख्या गोल) ट्रान्सफॉर्मरवाले. एमसीबी बी.

फ्यूजवायर: हे आधी सांगायचं ना राव. असे ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर खूप करंट ओढतात. बी टाइप रेटेड करंटच्या तीन ते पाच पटीला तत्काळ पडतो, सी पाच ते दहा पटीला. पण वायरिंग न तपासता सी टाकू नका.

सोल्डरराव: रिले फेका, झिरो क्रॉसिंगवाला (व्होल्टेज शून्यावर असतानाच चालू होणारा) एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले लावा. माझा कित्येक वर्षं चालतोय.

फ्यूजवायर: हीटरवर चालत असेल. ट्रान्सफॉर्मर नेमका झिरोला चालू केला तर त्याचा लोखंडी कोअर सॅच्युरेट होऊन (चुंबकीय क्षमता संपून) करंटचा सगळ्यात मोठा झटका बसतो. शिवाय एसएसआर जळला की बहुधा शॉर्ट होतो, म्हणजे सॉकेट कायम चालू.

सोल्डरराव: पुस्तकी ज्ञान.

रेझिस्टन्स: तुमचं चालू द्या. खटपट्या, बोर्ड अ‍ॅक्टिव्ह लो (पिन लो केली की रिले चालू होणारा) आहे का? कोडच्या सेटअपमध्ये आधी पिनमोड (पिन आउटपुट करणारी ओळ) लिहिलंय का?

खटपट्या: हो, सगळे तसंच लिहितात.

रेझिस्टन्स: तिथेच मेख आहे. पिन आउटपुट केली की ती आपोआप लो होते, आणि लो म्हणजे तुमचा रिले चालू. आधी डिजिटलराइट हाय (पिन हाय करणारी ओळ), मग पिनमोड.

गुणगुण: माझ्या स्पीकरमधून सारखा हम्म येतो, अर्थिंग काढून टाकू का?

फ्यूजवायर: अजिबात नको!! वेगळा धागा काढा.

तारेवरची: बंद करताना क्रम उलटा ठेवा. अ‍ॅम्प आधी, मिक्सर शेवटी. नाहीतर स्पीकरमधून धप्प येईल.

खटपट्या: हाय आधी लिहिलं, टक् गेलं. पण आता तिसरा सॉकेट बंदच होत नाही. रिलेचा एलईडी मात्र विझतो.

रेझिस्टन्स: रिलेचे काँटॅक्ट वेल्ड झाले, म्हणजे एकमेकांना चिकटले. रिलेवर लिहिलेले १० अँपिअर हीटरसारख्या साध्या रेझिस्टिव्ह लोडचे असतात. रिले बदला आणि अ‍ॅम्पसाठी काँटॅक्टर (जड लोडसाठीचा मोठा रिले) लावा.

टॉगल: म्हणून म्हटलं होतं, स्मार्ट प्लग.

रेझिस्टन्स: त्यातही असलाच रिले असतो हो.