१९३४ ची लाइट सिक्स: जुन्या पेपरातली तारीफ किती खरी मानायची?

फुटाळा_रायडर

नमस्कार मंडळी, जरा मोठा प्रश्न आहे, सांभाळून घ्या. नागपुरात महालमध्ये वडिलांच्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांच्या वाड्यात व्हॉक्सहॉल लाइट सिक्स (इंग्लंडची सहा सिलिंडरची जुनी मोटार) उभी आहे, १९३४ ची, १४ हॉर्सपॉवरवाली, बॉनेटवर त्या दोन लांब खाचा असतात ना व्हॉक्सहॉलच्या, त्या अजून अगदी रेखीव आहेत. गाडी चालू आहे, महिन्यातून कधीतरी काका सिव्हिल लाइन्सपर्यंत चक्कर मारतात. आता त्यांना होत नाही म्हणून द्यायची आहे, आणि मला विचारलंय.

गाडीसोबत एक जुनी वही आहे, त्यात गाडी नवीन निघाली तेव्हाची इंग्रजी पेपरातली आणि मासिकांतली कात्रणं चिकटवलीत. सगळीकडे तारीफच तारीफ. हलकी आहे, सहा सिलिंडर आहेत, टॉप गिअरमध्ये अगदी हळू चालवली तरी धक्के नाहीत आणि तिथूनच पॅडल दाबलं की वेग घेते, आवाज नाही वगैरे. वाचून खूपच भारी वाटतं, पण मी आजवर चार सिलिंडरच्याच गाड्या चालवल्यात, त्यामुळे यातलं किती खरं आणि किती कंपनीने लिहवून घेतलेलं हे कळत नाहीये. मला ही गाडी शोपीस म्हणून नकोय, रस्त्यावर चालवायची आहे, वर्धा रोडला, काटोल रोडला, जमलंच तर हिवाळ्यात छिंदवाड्यापर्यंत. ज्यांना या काळातल्या गाड्यांची खरी माहिती आहे त्यांनी प्लीज लिहा.

जुनं_लोखंड

फुटाळाभाऊ, एकदम काळजाचा विषय काढलात. बसून लिहितो.

तारीफ खरी आहे. फक्त तेव्हाचे लोक गाडीकडून काय मागत होते ते आधी पाहावं लागेल, नाहीतर त्या कात्रणांचा अर्थ लागत नाही. १९३० च्या आसपास बहुतेक गाड्यांच्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश (गिअर बदलताना वेग आपोआप जुळवून घेणारी सोय) नव्हता, गिअर बदलायचा म्हणजे डबल क्लच, मध्ये न्यूट्रलला थांबून रेस द्यायची आणि अंदाज चुकला की खर्रर्र, अख्खी गल्ली वळून बघणार. त्यामुळे सामान्य माणसाला हवी होती अशी गाडी की एकदा टॉपला टाकली की टॉपलाच राहील, समोर बैलगाडी आली तरी, चढ आला तरी. आणि हे काम सहा सिलिंडर फार छान करतात. म्हणून तेव्हाचे टेस्ट करणारे लोक टॉप गिअरवर एवढा जोर द्यायचे. 'ऑटोकार' मासिकाने १९२८ पासून पद्धतशीर रोड टेस्ट सुरू केल्या, त्यांच्या तक्त्यात ० ते ६० च्या आधी तुम्हाला १० ते ३०, २० ते ४०, ३० ते ५० मैल असे आकडे दिसतील, प्रत्येक गिअरमध्ये किती सेकंद लागले ते. इंग्लंडातल्या ब्रुकलँड्सच्या रेस ट्रॅकवर एक मुद्दाम बांधलेला टेस्ट हिल होता, सगळ्यात तीव्र भाग ४ फुटाला १ फूट, त्यावर गाड्या चढवून बघायचे. म्हणजे ही माणसं घड्याळ घेऊन बसायची, नुसतं चहा पिऊन लिहायची नाहीत.

आता लहान सिक्स निघाल्याच का हे सांगतो, कारण ते फार इंटरेस्टिंग आहे. इंग्लंडात गाडीवरचा टॅक्स हॉर्सपॉवरवर होता, दर हॉर्सपॉवरला १ पौंड, १९३५ पासून तो १५ शिलिंग झाला. पण ही हॉर्सपॉवर म्हणजे इंजिनाची खरी ताकद नाही, ती फक्त सिलिंडरचा व्यास आणि संख्या यावरून काढायची, व्यास इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग, गुणिले सिलिंडर, भागिले २.५. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, हिशोबात धरायचाच नाही! मग कंपन्यांनी काय केलं, व्यास बारीक ठेवला आणि स्ट्रोक लांबच लांब केला. १९३० मध्ये वोल्सली हॉर्नेट आली, ५७ मिमी व्यास, ८३ मिमी स्ट्रोक, १२७१ सीसीत सहा सिलिंडर, म्हणजे एका सिलिंडरला जेमतेम २१२ सीसी. त्यानंतर इंग्लंडात लहान सिक्सची लाटच आली. व्हॉक्सहॉलने १९३३ मध्ये लाइट सिक्स काढली तेव्हा १२ हॉर्सपॉवरच्या मॉडेलला व्यास तोच ५७ मिमी, पण स्ट्रोक १०० मिमी, म्हणजे टॅक्स तेवढाच आणि इंजिन १५३१ सीसी. तुमची १४ वाली म्हणजे ६१.५ बाय १००, १७८१ सीसी. टॅक्सच्या चौकटीत राहून जास्त ओढ काढली त्यांनी, आणि पेपरवाल्यांना जे आवडलं ते हेच. शिवाय तुमच्या गाडीला सिंक्रोमेश आहे, ब्रिटिश गाड्यांत तो पहिल्यांदा व्हॉक्सहॉलनेच आणला, १९३२ च्या कॅडेट मॉडेलमध्ये, म्हणजे गिअरचीही भीती नको.

एकच करा, कात्रणं वाचताना ब्रेक, स्टिअरिंग आणि खराब रस्ता याबद्दल काय लिहिलंय ते शोधा. जिथे लेखक एका ओळीत उरकून पुढे जातो तिथे समजायचं की सांगण्यासारखं काही चांगलं नव्हतं. तेव्हा काय, आज काय, गाडी टेस्टला कंपनीच देते, त्यामुळे टीका असते ती गप्प बसण्यातच असते.

वर्धारोड_गॅरेज

राम राम भाऊ. लोखंडभाऊने इतिहास सांगितला, आता मी हाताचं सांगतो. सहा सिलिंडर काहून गुळगुळीत चालते, तं चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याले एक स्फोट होते, सहामध्ये दर एक तृतीयांश फेऱ्याले. म्हणजे एकाचा जोर संपाच्या आधी दुसऱ्याचा सुरू होते, मध्ये खड्डाच पडत नाई. अन् दुसरं म्हणजे सरळ रांगेतल्या सहामध्ये पिस्टन वर खाली जाताना जे हादरे बसतात ते एकमेकाले पूर्ण कापतात, चारमध्ये थोडे राहूनच जातात, म्हणून चारवाल्याचं स्टिअरिंग आयडलले हलकं थरथरते. तू काकाच्या गाडीत बस, इंजिन गरम होऊ दे, अन् गिअरच्या दांड्यावर नुसता तळहात ठेव. चांगल्या सिक्समध्ये हातालेच समजत नाई इंजिन चालू हाय का बंद. ते समजलं का पेपरची तारीफ खरी खोटी ते विचारायची गरजच पडत नाई.

पण लहान सिक्सचं दुखणं बी सांगतो. कार्बोरेटर एक, अन् सिलिंडर सहा एका लांब ओळीत, मग मधल्याले पेट्रोल बरोबर भेटते अन् टोकाच्याले कमी जास्त. म्हणून चक्कर मारून आला का सहाही प्लग काढ, अन् १ ते ६ ओळीनं कापडावर मांड. सगळे सारखे फिक्कट तपकिरी असले तं बढिया. १ अन् ६ पांढरे अन् ३-४ काळे असले तं इंजिन वाटून खाऊन नाई राहिलं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बी सहाही सिलिंडरचं पाह्य. लांब स्ट्रोक हाय, त्या इंजिनाले जास्त फिरवायचं नाई, बेरिंग व्हाइट मेटलचे (मऊ मिश्रधातूचे) असतीन, ते एकदा बसले तं पुन्हा ओतून घासणारा माणूस शोधता शोधता जीव जाते.

फुटाळा_रायडर

बाप रे, एवढं तपशीलवार कोणी सांगेल असं वाटलंच नव्हतं, दोघांचेही खूप आभार. टॅक्सचा फॉर्म्युला मी लगेच कॅल्क्युलेटरवर टाकून बघितला, ६१.५ मिमीला बरोब्बर १४ येतात, मजा आली.

आता पुढचा प्रश्न. ती सगळी टेस्ट इंग्लंडच्या थंडीतली. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं. आणि छिंदवाडा रोडला सिल्लेवानी घाट आहे. काका म्हणतात पूर्वी व्यवस्थित जायची, पण ते प्रेमाने बोलतात त्यामुळे काय समजायचं. शिवाय मागे एका गॅरेजवाल्याने रेडिएटर साफ केला म्हणून पैसे घेतले आणि नुसतं बाहेरून रंगवून दिला असंही काकांकडूनच कळलं.

वर्धारोड_गॅरेज

रंगवला ना, तं मग पहिलं काम तेच. आपल्याकडे अर्ध्या लोकायनं आयुष्यभर रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकलं, त्याचा पांढरा थर आतून जमते, रेडिएटरमध्ये बी अन् इंजिनच्या जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवती पाणी फिरते ती जागा) बी, अन् तो सगळ्यात जास्त जमते मागच्या सिलिंडरपाशी, कारण तिथं पाणी हळू फिरते. सहा सिलिंडरचं इंजिन लांब, म्हणून सहावा सिलिंडर पहिले तापते. रेडिएटर खोलून सळई घालून साफ करणारा जुना माणूस पाह्य, जॅकेटचे प्लग काढून धुवून घे, अन् त्याच्यानंतर आरओचं नाईतं डिस्टिल्ड पाणी, दुसरं काईच नाई.

दुसरं पेट्रोल. आता पंपावर भेटते ते ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) हाय, जुने रबरी पाइप अन् डायफ्राम त्याच्यानं फुगतात, ते बदलूनच टाक. अन् गरमीत ते लवकर वाफ होते, पाइप एक्झॉस्टच्या जवळून जात असला तं गाडी सिग्नलवर बंद पडन अन् थंडी झाल्याशिवाय चालू होणार नाई. पाइप दूर घे, त्याच्यावर अॅस्बेस्टॉस नको, आता चांगली हीट स्लीव्ह भेटते. मे महिन्यात दुपारी काढूच नको बाप्पा, सकाळी सातच्या आत जाऊन ये. घाटात सिंक्रोमेशवर विसंबू नको, खालचा गिअर पायथ्यालेच टाक. टॉपमध्ये चढते म्हणून टॉपमध्येच चढवणं म्हणजे बेरिंग पिळणं.

सदरची_अनघा

मला थोडं वेगळं म्हणायचंय. वरती सगळे टॉप गिअर, टॉप गिअर करताहेत, पण आपल्या भागात तेव्हा खरी पसंती अमेरिकन सिक्सला होती आणि त्यामागे कारण होतं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली, आणि १९२९ मध्ये शेवरोलेची सिक्स आली ती १९४ क्युबिक इंचांची, म्हणजे जवळपास ३.२ लिटर, चार सिलिंडरच्या किमतीत सहा सिलिंडर अशीच तिची जाहिरात होती. अमेरिकेत व्यासावरचा असा टॅक्स नव्हता म्हणून त्यांनी मोठं, संथ, न चिडणारं इंजिन बनवलं. आमच्या घरी आजोबा आणि त्यांचे भाऊ मोठ्या सिक्सचंच कौतुक करायचे, कच्च्या रस्त्याने, धुळीतून, भरलेल्या माणसांसकट जायची म्हणून. व्हॉक्सहॉल पण १९२५ पासून जनरल मोटर्सचीच होती, आणि बाहेरदेशी विकायला त्यांच्याकडे ३१८० सीसीची बिग सिक्स होतीच, म्हणजे कंपनीलाही माहीत होतं की १७८१ सीसी सगळीकडे पुरणार नाही.

म्हणून निखळ सांगायचं तर ती कात्रणं १९३४ च्या इंग्लंडमधल्या डांबरी रस्त्याबद्दल खरी आहेत, दोन माणसं आणि एक सुटकेस घेऊन. तुमचा वर्धा रोड आज त्यापेक्षा चांगला आहे, तेव्हा गाडीला रस्त्याचा त्रास नाही, त्रास आहे तो ट्रॅफिकचा. गाडीचा पूर्ण वेगच ताशी ६० मैलांच्या आसपास, आरामात चालवायची तर ताशी ५५-६० किलोमीटर धरा, आणि मागून ट्रक आला तर ब्रेक यांत्रिक आहेत, रॉड आणि केबलवाले, ते एका बाजूला ओढतात का हे रिकाम्या रस्त्यावर हात हलका सोडून आधी बघा. माझ्यासाठी गाडी घ्यायची की नाही हे त्या एका गोष्टीवर ठरेल, सिक्सच्या गुळगुळीतपणावर नाही. गाडी सुंदर आहे, यात वादच नाही.

जुनं_लोखंड

अनघाताई, ब्रेकचं शंभर टक्के पटलं. बिग सिक्सचंही बरोबर. पण लाइट सिक्सच्या बाजूने एवढं म्हणू द्या की हलकेपणा हाही रस्त्यावरचा गुण आहे, मोठी सिक्स वळणावर पुढून जड होते, स्टिअरिंग ओढून खांदे दुखतात, आणि ही छोटी गाडी सीताबर्डीच्या गर्दीतूनही बायका-मुलं सहज चालवू शकतील अशी होती. त्या काळात मालकाने स्वतः गाडी चालवायला सुरुवात केली होती, ड्रायव्हर न ठेवता, आणि त्या माणसासाठी ही गाडी होती. तारीफ करणारे त्याच्याच वतीने लिहीत होते.

कामठी_रोडवरून

कागदपत्रांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे. आधीच नंबर असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नवीन नोंदणी केली तर नंबरात 'व्हीए' येतं आणि फी २०,००० रुपये आहे, नंतरच्या फेरनोंदणीला ५,०००. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, मेंटेनन्स, पेट्रोल भरायला जाणं एवढंच. म्हणजे छिंदवाड्याचा बेत करण्याआधी काकांचं आरसी बुक नीट वाचा, गाडी आत्ता कशात नोंदलेली आहे ते.

फुटाळा_रायडर

हे आरसीचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद भाऊ. काकांशी बोललो, रविवारी सकाळी बोलावलंय. सांगून ठेवलंय की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, मला थंड स्टार्ट बघायचाय. अनघाताई, ब्रेक सगळ्यात आधी, अमरावती रोडला सकाळी मोकळं असतं तिथे बघतो. मग टॉप गिअरमध्ये ताशी १५ वरून ५० किलोमीटरपर्यंत (म्हणजे साधारण १० ते ३० मैल) मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजतो, आणि वहीत एका कात्रणात असाच आकडा आहे त्याच्याशी लावून बघतो. प्लगचे फोटो इथेच टाकतो. गॅरेजभाऊ, तुम्ही रविवारी मोकळे असाल तर सोबत येता का? काका चहा-पोहे केल्याशिवाय सोडणार नाहीत.

वर्धारोड_गॅरेज

येतो ना भाऊ. कॉम्प्रेशन गेज मी आणतो, तू जुनं सुती कापड अन् १४ अन् १८ मिमी दोन्ही प्लग पाना घेऊन ये, कोणता लागते ते तिथंच पाहू.