रँक पोराची की टॉवरची?

खारपाणपट्टा
आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं. सात वाजले की गावातली अर्धी पोरं पाण्याच्या टाकीखाली उकिडवी बसलेली दिसतात, कारण रेंज तिथंच धरते. सगळ्यांच्या हातात बीजीएमआय, म्हणजे फोनवरचा तो पॅराशूटनं उतरून एकमेकांना टिपायचा गेम. परवा माझा भाचा न जेवता झोपला. ताईनं खोदून विचारलं तर म्हणे, क्राऊनवरून डायमंडात पडलो, म्हणजे रँक एक पायरी खाली गेली. झालं असं की पॅराशूटनं उतरून दोन मिनिटं होत नाहीत तोच लाइन गेली. टॉवरची बॅटरी आधीच मेलेली, त्यामुळं नेटही गेलं. याचा गडी तिकडं शेतातल्या बुजगावण्यासारखा उभा, कोणीतरी येऊन टिपला. एकाच संध्याकाळी तीनदा.

आता माझा मुद्दा. या रँकेत पोराचा खेळ मोजला जातो हे मला पटत नाही. टॉवर, फोन आणि रिकामा वेळ मोजला जातो. सात हजारांच्या फोनवर चित्र अडखळत चालतं, तालुक्यातल्या कापड दुकानदाराचं पोरगं सेकंदाला ९० फ्रेमवर झुळझुळीत खेळतं, आणि दोघांना एकाच यादीत बसवून सांगायचं की हा क्राऊन, तो गोल्ड. मी स्वतः लिचेस या वेबसाइटवर बुद्धिबळ खेळतो. तिथल्या आकड्यावर माझा विश्वास आहे, यावर नाही. बोला.

वणीचा पोट्टा
काका, लाइन गेली तं लाइनमनले फोन करा, रँकेले काऊन शिव्या? आमच्या गावात टुर्नामेंटची टीम कशी निवडतेत मायीत हाये काय? ज्याच्या बापानं मंडपाचे पैसे देल्ले तो ओपनिंगले. मी तीन वर्षं थर्ड मॅनले उभा होतो. सर्व्हरले माह्यं आडनाव मायीत नाही, माह्या बापाजवळ किती एकर हाये तेबी मायीत नाही. मारलं तं गुण, मेलं तं वजा. अन् फोनचं म्हणसान तं मी जुन्याच फोनवर एस या वरच्या पायरीले गेलो. तापते म्हून कुलरसमोर धरून खेळतो.

गणिताचे मास्तर
तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवरून भांडताय.

बुद्धिबळातलं रेटिंग हा अंदाज असतो. अर्पाद एलो म्हणून हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते. त्यांची पद्धत तिथल्या बुद्धिबळ संघटनेनं १९६० मध्ये घेतली आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं १९७० मध्ये. समोरचा तुमच्यापेक्षा २०० नं वर असेल तर शंभर डावांत तुमच्या पदरात साधारण २४ गुण पडावेत, असं ते गणित सांगतं. गुणक (एका डावात आकडा जास्तीत जास्त किती हलेल ते) २० धरला, तर त्याला हरवल्यावर तुमचे १५ वाढतात आणि हरल्यास जेमतेम ५ जातात. गुणक सारखा असेल तर तुमचे जेवढे वाढले तेवढेच त्याचे घटतात. (आमच्याकडच्या आणेवारीपेक्षा हा हिशेब कितीतरी स्वच्छ, पण तो वेगळा विषय.)

बीजीएमआयमध्ये ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राऊन, एस आणि सगळ्यात वर कॉन्करर अशा पायऱ्या. किती मारले आणि किती वेळ टिकलात, यावर गुण. त्यामुळं झुडपात लपून बसणारासुद्धा चढत जातो. सीझन संपला की सगळ्यांना पुन्हा खाली ढकलतात. कापसाच्या गाडीचा काटा दर दोन महिन्यांनी कोणी मागे फिरवतं का? पोरं परत टाकीखाली येऊन बसावीत म्हणून हा उद्योग.

वणीचा पोट्टा
मास्तर, लपणं बी खेळच हाये. रानडुकरं राखाले माणूस रातभर मचाणावर बसते, त्याले तुम्ही म्हणता काय का यानं काम नाही केलं? अन् निस्तं लपून कॉन्करर होऊन दाखवा. सर्व्हरवरचे पयले ५०० घेतेत, बस.

खारपाणपट्टा
मचाण आवडलं. पण मला बुद्धिबळातली एक गोष्ट इथं कुठंच दिसत नाही. लिचेसवर नवीन माणूस १५०० वर सुरू होतो आणि त्या आकड्यापुढं प्रश्नचिन्ह असतं. मार्क ग्लिकमन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाची ही पद्धत, ग्लिको-२. तू मला अजून पुरता कळला नाहीस, हे यंत्र स्वतःच कबूल करतं. पुरेसे डाव झाले की चिन्ह जातं, बराच काळ खेळला नाहीस तर शंका परत वाढत जाते. माझ्या भाच्याच्या डायमंडपुढं कोणी प्रश्नचिन्ह लावलं? शंभर टक्के खात्रीनं सांगितलं, तू पडलास.

पटाची जोडी
बुद्धिबळाची फार आरती नको भाऊ. १ मार्च २०२४ ला फिडेनं २००० च्या खालचे सगळे आकडे एका सूत्रानं वर उचलले. १५०० वाला रात्रीतून १७०० झाला. तळ १००० चा १४०० केला. खालची रेटिंगं आटत चालली होती म्हणून. म्हणजे काटा तिथंही हातानं सरकवावा लागतो. आणि आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा फायनलला समोरच्या कोनेरू हम्पीचं रेटिंग तिच्यापेक्षा वर होतं. ग्रँडमास्टरसाठी लागणारा एकही नॉर्म (स्पर्धेतली ठरावीक कामगिरी) दिव्याकडे नव्हता, थेट किताबच आला.

तरी मी रँकेच्या बाजूनं आहे. आमच्याकडे कबड्डीत ५५ किलोचा गट असतो, कारण ऐंशी किलोच्या गड्यानं धरलं तर पोराची बरगडी जाईल. रँकही तेच करते, बरोबरीच्याशी जोडी लावते. खोट असते ती माणसात. वजनात बसायला पोरं दोन दिवस उपाशी राहतात आणि काट्यावरून उतरली की डझनभर केळी हाणतात. इथं जुने खेळाडू नवी आयडी काढून ब्रॉन्झमध्ये शिरतात, नवख्यांना झोडपतात आणि व्हिडिओ टाकतात.

गणिताचे मास्तर
बरोबरीची जोडी लावणं हाच कंपन्यांचा हेतू असेल असं धरून चालू नका. ईए या गेम कंपनीच्या संशोधकांचा २०१७ चा एक पेपर आहे. त्यांचं म्हणणं, बरोबरीच्या लढतीनंच माणूस खेळाला चिकटून राहतो असं नाही. मग जोड्या अशा लावा की तो गेम सोडून जाणार नाही. कबड्डीतला पंच असं करू लागला तर त्याला मैदानातून उचलून नेतील.

तिखट मीठ
मी यवतमाळ जिल्ह्यातली, बी.ए. ला आहे. तुमची चर्चा वाचून हसू आलं. आमच्या घरी एसपर्यंत गेलेली जी आयडी आहे ती दादाच्या नावाची आहे. खेळते मी. दादा कापूस वेचायला बाया आणायला गाडी घेऊन जातो तेव्हा फोन चार्जिंगला घरी असतो, तेवढाच माझा सीझन. माईक कायम बंद. एकदा चालू ठेवला होता, पुढं काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही. दादा पानठेल्यावर रँक दाखवतो, मी मागं भाकरी थापते.

वणीच्या भाऊला सांगायचं होतं, सर्व्हरला आडनाव कळत नाही हे खरं. आवाज मात्र कळतो.

वणीचा पोट्टा
ताई, याच्यावर मले बोलता येत नाही. पण रँक तुमचीच हाये ना.

तिखट मीठ
दादाला विचारा.

खारपाणपट्टा
मी धागा काढला भाच्यासाठी आणि गाडी भलतीकडंच गेली, चांगलंच झालं. ताई, एक विचारू का? पोराला वर न्यायला स्क्वाडमध्ये नीट खेळणारं कोणी नाही, सगळे पुढं पळून मरतात. तुमची वेळ असेल तेव्हा घ्याल का त्याला? पंधरा वर्षांचा आहे, तोंडानं सभ्य आहे.

तिखट मीठ
दुपारी दीड ते तीन, वेचणी चालू आहे तोवर. माईक बंदच राहील, त्याला आधी सांगून ठेवा. आणि टाकीखाली बसून खेळायचं असेल तर पॉवर बँक घेऊन बसायला सांगा.

खारपाणपट्टा
दुपारी तर टॉवर हमखास बंद असतो हो.