आईला गोबी दाखवायचंय – 11 दिवसांचा बेत बघून सांगाल का?

सुखदा_सिन्नर

नमस्कार मंडळी. माझी आई 63 वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत 34 वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी भूगोल. "फळ्यावर आशिया काढताना गोबीच्या जागी दर वर्षी खडूचे ठिपके दिले, तिथं खरंच काय आहे ते एकदा बघायचंय," असं ती निवृत्त झाल्यापासून म्हणते. पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर आम्ही दोघी मंगोलियाला जायचं ठरवतोय.

बेत असा: 1 दिवस राजधानी उलानबातर, 5 दिवस गोबी (त्सगान सुवर्गाचे पांढरे कडे, योलिन आमची घळ, खोंगोरिन एल्सच्या वाळूच्या टेकड्या, बायनझागचे तांबडे कडे), 1 दिवस खारखोरिन (जुन्या राजधानीचं गाव), 3 दिवस खुव्सगुल तलाव, शेवटचा दिवस परतीला.

आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. गुडघे दुखतात, पण रोज तीन किलोमीटर चालते. हे सगळं झेपेल का? आणि पर्यटकांच्या कॅम्पात राहावं की मेंढपाळांच्या घरी? कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

माणदेशी_पशुवैद्य

सुखदाताई, आधी खुव्सगुल काढून टाका. तो तलाव रशियाच्या सीमेला टेकलेला, गोबी चीनच्या सीमेला. उलानबातरहून गोबीतलं मुख्य गाव दालानझादगाद साडेपाचशे किलोमीटरच्या वर, खुव्सगुलच्या काठचं खातगाल त्याहून लांब, आणि तेही उलट्या दिशेला. तुमच्या बेतात आईंचे अकरातले सात-आठ दिवस गाडीत जातील. दालानझादगादपर्यंत डांबरी रस्ता आहे. तिथून पुढे माळावर चाकांच्या दहा-बारा चाकोऱ्या शेजारी शेजारी पळत असतात आणि त्यातली कुठली धरायची ते चालक ठरवतो. नकाशावर दीडशे किलोमीटर दिसलं तर पाच तास धरा. गुडघ्यांना चालण्यापेक्षा या बसण्याचा त्रास जास्त होतो.

मी 2019 च्या जूनमध्ये सोळा दिवस होतो. आमचं घर माण तालुक्यातलं, मेंढरांचं. माझ्या वडिलांपर्यंत दसरा झाला की खांड (मेंढरांचा कळप) घेऊन बाहेर पडायचं आणि मृगाच्या पावसाला परतायचं, असंच चाललं. मी शिकून जनावरांचा डॉक्टर झालो, तरी वाड्यावरच्या (मेंढपाळांच्या मुक्कामावरच्या) रात्री विसरलेलो नाही. त्यामुळे मला तिथली वाळू बघायची नव्हतीच, माणसं आणि मेंढरं बघायची होती. तुम्हाला सांगतोय तेही त्याच नजरेनं सांगतोय, हे धरून वाचा.

खोंगोरिन एल्सहून बायनझागकडे येताना आमच्या फुर्गोनचा पाटा (चाकावरची स्प्रिंग) तुटला. फुर्गोन म्हणजे ती जुनी रशियन करड्या रंगाची गाडी, पावाच्या लादीसारखी दिसते. दुपारचे चार वाजले होते, फोनला रेंज नाही. चालकानं तासभर खटपट केली, पाट्याला दोरखंड आवळला आणि मग दूर दिसणाऱ्या पांढऱ्या ठिपक्याकडे हळूहळू गाडी घेतली. तो ठिपका म्हणजे एक गेर. (तंबूला 'युर्त' म्हणू नका, ते म्हणतात गेर, म्हणजे घर.) शंभर पावलांवर गाडी थांबवून चालकानं हाक दिली, "नोखोई खोर!" शब्दशः अर्थ 'कुत्रं धरा'. दार ठोठावायची रीत नाही, हीच हाक. मला आमच्या वाड्यावरची आठवण झाली. तिथंही परका माणूस लांबूनच ओरडतो, "कुत्री आवरा हो!"

घरात म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि दोन पोरं. आम्ही कोण, कुठले, हे कुणी विचारायच्या आत खारट दुधाचा चहा पुढे आला. रात्री तिथंच राहिलो आणि दुसरी रात्रही, कारण नवा पाटा दालानझादगादहून यायचा होता. माझ्या सोळा दिवसांतले हे दोन दिवस काढून घेतले तर बाकी फार थोडं उरेल.

उशिरा व्यालेली एक मेंढी कोकराला जवळ येऊ देत नव्हती. आमच्याकडे अशी मेंढी धरून बांधतात आणि जबरदस्तीनं पाजतात, मीही दवाखान्यात तेच सांगतो. म्हातारी मात्र मेंढीच्या शेजारी जमिनीवर बसली आणि "तोइग, तोइग, तोइग" असं एका सुरात गायला लागली. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मध्ये कोकराला पुढे सरकवायची, मेंढी लाथ मारायची, म्हातारीचा सूर तोच. अंधार पडता पडता मेंढीनं कोकरू हुंगलं आणि पिऊ दिलं. उंटिणींसाठीही असं गाणं असतं, ती रीत युनेस्कोनं 2015 मध्ये तातडीनं जपायच्या वारशात घेतलीय. माझ्या सगळ्या शिक्षणात मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मी वडिलांचं घोंगडं नेलं होतं. मुलानं त्याची लोकर बोटांत चोळून बघितली, आईला दिली, तिनं वास घेतला. दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर. मग त्यानं गेरच्या भिंतीतला नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड) उचकटून मला दाखवला. लोकर पिंजून, भिजवून, गुंडाळून लाटतात, आपल्याकडे जेन (लोकरीची बैठक) करतात तसंच. भाषा एकमेकांची येत नव्हती, चालकाची इंग्रजी शंभर शब्दांची, पण मेंढीचे दात बघून वय सांगण्यात आमचं एकमत झालं.

म्हणून माझं सांगणं: कॅम्प दोन-तीन रात्री घ्या, तिथं आंघोळ आणि बसायचं शौचालय मिळतं. पण किमान दोन सलग रात्री एकाच मेंढपाळ कुटुंबात राहा. रोज नवं घर नको. पहिल्या दिवशी तुम्ही पाहुण्या असता, दुसऱ्या दिवशी हातात दुधाची बादली येते. शौचालय म्हणजे लांबवर खड्डा आणि दोन फळ्या. आईंसाठी घडीचा कमोड-स्टूल इथूनच न्या, हे विसरू नका. आणि तिकडे जायचं असलं की "घोडे बघून येते" म्हणायची पद्धत आहे, चारचौघांत अवघडायला होत नाही.

घरात शिरताना: दार दक्षिणेला असतं, उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही (हे आईंना सांगायला नको). आत गेल्यावर डावीकडून जायचं, पाहुण्यांची बाजू ती. मधल्या दोन खांबांच्या मधून जायचं नाही, वस्तूही द्यायची नाही. चुलीत कचरा टाकायचा नाही. काही घ्यायचं तर उजव्या हातानं, डावा हात उजव्या कोपराला लावून. वाटेत दगडांचे ढीग दिसतील, निळी रेशमी वस्त्रं बांधलेले, त्यांना ओवो म्हणतात. गाडी थांबवून तीन प्रदक्षिणा घालतात, उजवीकडून, आपल्यासारख्याच.

खोंगोरिन एल्सची टेकडी काही ठिकाणी 300 मीटर उंच आहे. आईंना वर चढवू नका, एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं. पायथ्याशी ओढा आणि हिरवळ आहे, संध्याकाळी तिथून वाळूचा रंग बघत बसा. योलिन आम चालायला सोपं, घोडाही मिळतो. घळीतलं बर्फ ऑगस्टअखेर बहुधा विरघळलेलं असतं. बायनझागला एक पूर्ण दिवस द्या. 1923 मध्ये अमेरिकेच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या मोहिमेला डायनासोरची अंडी तिथंच सापडली. तांबडे कडे संध्याकाळी पेटल्यासारखे होतात. हाड किंवा अंड्याचं कवच दिसलं तरी उचलू नका, कुणी विकायला आणलं तरी घेऊ नका, ते देशाबाहेर नेणं गुन्हा आहे.

आणि आईंना एक सांगा: गोबीचा फार थोडा भाग वाळूचा आहे. बाकी सगळी खडी, मुरूम आणि विरळ गवत. 'गोवि' या शब्दाचा त्यांच्या भाषेतला अर्थही वाळू असा नाही, अशा कोरड्या माळाला ते गोवि म्हणतात. उन्हाळ्यात चाळिशी गाठणारा आणि हिवाळ्यात उणे चाळीसला जाणारा माळ. फळ्यावरचे ठिपके चुकीचे नव्हते, फक्त ते खड्यांचे होते.

रानवाटा_ठाणे

वरचं सगळं पटलं. शाकाहाराबद्दल मी सांगते, कारण मीही शाकाहारी आहे आणि गोबीत नऊ दिवस राहिले.

'शाकाहारी' हा शब्द तिथं समजावणं अवघड जातं. मांसाचे तुकडे बाजूला काढून तोच रस्सा वाढतात, आणि तो प्रेमानं वाढलेला असतो. चालकासोबत स्वयंपाकीण घ्या आणि तिला पहिल्याच दिवशी आपलं वेगळं पातेलं द्या. तांदूळ, बटाटे, गाजर, कोबी, कांदा उलानबातरच्या दुकानांतून भरून घ्या. भाजणी, मेतकूट, डाळी, मसाला इथून. माझ्या स्वयंपाकिणीला तिसऱ्या दिवशी मुगाच्या खिचडीची इतकी सवय झाली की ती स्वतःसाठीही वाढून घ्यायची.

पण उन्हाळाअखेर म्हणजे दुधाचे दिवस, त्याला ते 'पांढरं अन्न' म्हणतात. तारग म्हणजे दही. उरुम म्हणजे जाड साय, पावावर लावून खातात, आईंना नक्की आवडेल. आरूल हा वाळवलेला दह्याचा खडा, दाताला जपून, चोखायचा. घोडीचं आंबवलेलं दूध, आयराग, थोडं मादक असतं. नको असेल तर वाटी घ्या, ओठाला लावा आणि परत द्या. हातात न घेणं मात्र मनाला लागतं.

उत्तरायण

मी उलानबातरमध्ये दोन वर्षं कामाला होतो. आई शिक्षिका आहेत म्हणून दोन गोष्टी. तिथले ग्रह ओळखीचे निघतील: मंगळ 'अंगारग', बुध 'बुद', गुरू 'बार्हास्बादी', शुक्र 'सुगर', शनी 'सांचिर'. बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृत तिबेटमार्गे तिथवर पोचलंय. गोबीत रात्री आकाश बघताना हे शब्द चालकाला म्हणून बघा.

दुसरं, शहरातला पहिला दिवस गांदान मठाला द्या. आणि लडाखचे कुशोक बाकुला रिंपोचे 1990 ते 2000 तिथं भारताचे राजदूत होते. साम्यवादी काळात बंद पडलेले मठ पुन्हा सुरू होताना ते तिथं होते, त्यांनी उभारलेला पेथुब मठ शहरातच आहे. भारतातून आलोय म्हटल्यावर वयस्क माणसं त्यांचं नाव घेतात.

तब्येतीसाठी: रुग्णवाहिकेचा क्रमांक 103. सगळी औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. आणि नवा विमानतळ शहरापासून 50 किलोमीटर आहे, परतीच्या दिवशी वाहतुकीची कोंडी धरून निघा.

सुखदा_सिन्नर

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारी आणि मेंढीचं तिनं दोनदा वाचायला लावलं. खुव्सगुल काढलं. आता बेत असा: शहर 2, त्सगान सुवर्गा 1, योलिन आम 1, खोंगोरिन एल्स 1, बायनझागजवळ मेंढपाळ कुटुंबात 3, परतताना खारखोरिन 1, बाकी हाताशी. एकच विचारायचं राहिलं: त्या कुटुंबासाठी काय न्यावं? पैसे द्यायचेच आहेत, पण रिकाम्या हातानं जावंसं वाटत नाही.

माणदेशी_पशुवैद्य

आता बेत जमला. ते हाताशी ठेवलेले दिवस भरू नका, पाटा तुटला तर उपयोगी पडतात.

गोळ्या-चॉकलेटं पोती भरून नेऊ नका, पोरांचे दात किडतात आणि दंतवैद्य तालुक्याच्या गावी. चांगली सौर बॅटरी न्या. उलानबातरहून कणीक, साखर, मेणबत्त्या, फळं घ्या, तिकडे ताजं फळ दुर्मीळ. भेट दोन्ही हातांनी द्या. उघडून बघितली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, पाहुण्यासमोर उघडत नाहीत.

आणि फोटो काढलेत तर छापून पाठवा. मी चालकाच्या पत्त्यावर बारा फोटो पाठवले होते. 2023-24 च्या हिवाळ्यात तिथं मोठा झुद पडला. आधी बर्फ, मग त्यावर कडक थर, जनावरांना गवतापर्यंत तोंडच पोचत नाही. देशभरात 70 लाखांहून जास्त जनावरं गेली. मी घाबरून चालकाला संदेश टाकला. दीड महिन्यानं त्याचं उत्तर आलं, त्या घराची निम्मी मेंढरं गेली, माणसं सगळी ठीक आहेत. सोबत एक फोटो होता: गेरमधल्या पेटीवर चौकटीत लावलेले माझे फोटो, आणि खाली म्हातारीच्या मांडीवर माझ्या वडिलांचं घोंगडं. निघताना तिलाच दिलं होतं.

त्यांच्याकडे जायचं असेल तर चालकाला विचारून ठेवतो. उन्हाळ्यात ते बायनझागच्या पश्चिमेला असतात. आईंना विणता येत असेल तर सुया सोबत घ्यायला सांगा, लोकर तिथं मिळेल.