पऱ्हाटीत (कपाशीच्या उभ्या झाडांत) बकऱ्या चारणं बंद करावं का?

धुऱ्यावरचा: शेवटची वेचणी आटोपली की पऱ्हाटी बकऱ्या-मेंढ्यांना मोकळी करून द्यायची, ही रीत थांबवली पाहिजे. पाणी असलं की कास्तकार फरदड (वेचणीनंतर तीच झाडं राखून घेतलेलं पुढचं पीक) ठेवतात आणि बोंडअळीसाठी जानेवारीतही पंप चालूच. बकरी आधी शेंडा, पाला, हिरवं बोंड ओरबाडते. फवारा बसतो तोही तिथेच. आठवड्याने तोच बोकड बाजारात.

कोरडवाहू: मग किडक्या बोंडांतली गुलाबी अळी कोण संपवणार? हंगामाअखेर वावरात जनावरं चारायची शिफारस त्यासाठीच आहे. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही औषधं जनावराच्या काळजात (यकृतात) फुटतात अन् काही दिवसांत लघवीवाटे निघून जातात. चरबीत ठाण मांडणारी डीडीटी, एन्डोसल्फानची जात वेगळी. डीडीटी शेतीतून १९८९ साली गेलं, एन्डोसल्फान २०११ साली.

तर्रीवाला: जुनी गेली, नवी आली की! फिप्रोनिल आजही कपाशीवर मारतात. अंगात गेलं की त्याचं सल्फोन होतं, ते मूळ औषधाहून चिवट आणि चरबीत साठणारं. २०१७ साली युरोपात लाखो अंडी याच्यामुळे परत घ्यावी लागली. तिथे ते कोंबड्यांवरचे माइट (बारीक रक्तपिपासू किडे) मारायला वापरलं होतं, कबूल. पण कापसाचाच दाखला हवा तर ऑस्ट्रेलिया, १९९४: दुष्काळात गुरांना जिनिंगचा (कापसातून सरकी काढतानाचा) कचरा चारला आणि मांसात क्लोरफ्लुअझुरॉन हे कपाशीवरचं कीटकनाशक निघालं. शिजवूनही भागत नाही. चरबीतलं विष चरबीबरोबर रश्श्यात उतरतं, आणि तर्री काय आपण फेकतो थोडीच!

कोरडवाहू: फिप्रोनिलचं मान्य. त्यासाठी चराईच बंद? फरदड ठेवू नका, वावर मोकळं करताना शेवटची फवारणी कधी आणि कशाची ते मेंढपाळाला सांगा. डब्यावरचा प्रतीक्षा काळ फवारणी ते वेचणी एवढाच धरलेला असतो, चराईचा हिशेब त्यात नाही. खरी चूक तिथे आहे.

गोठ्यातला: तुम्ही दोघं पऱ्हाटीतच अडकलात. गोचिडाकडे बघा. जनावरांसाठीचं डेल्टामेथ्रिन (१.२५ टक्के) लिटरला २ मिली पुरतं. त्याऐवजी कपाशीचं उरलेलं २५ टक्के सायपरमेथ्रिन टोपणाच्या अंदाजाने ओततात, तेही बाजाराच्या आदल्या दिवशी, बोकड स्वच्छ दिसावा म्हणून. बोकड अंग चाटतो, औषध पोटात जातं.

त्याहून वाईट म्हणजे विष चढलेली बकरी. तोंडातून लाळ, पातळ हगवण, बाहुल्या टाचणीएवढ्या, मागचे पाय थरथरतात. डॉक्टर येऊन अ‍ॅट्रोपिनचा उतारा देईपर्यंत कोणी थांबत नाही, निम्म्या भावात खाटकाला देऊन मोकळे. पोटात फवारलेला पाला तसाच, औषध अजून काळजात. अन् त्याच बकरीची कलेजी अन् वजडी आधी खपते.

धुऱ्यावरचा: म्हणजे पाला खाल्ला तो पऱ्हाटीतच ना?

गोठ्यातला: हो. पण चराई बंद करून ती बकरी खाटकाकडे जायची थांबत नाही. धुऱ्यावर ठेवलेल्या फवारणीच्या बादलीत तोंड घातलं तरी हेच होतं. मेलेल्या बकरीचे पैसे मिळत नाहीत, अर्धमेलीचे मिळतात.