कारखान्यासमोर आपणच राहायला आलो, मग आता तक्रार कशाची?

तळमजला:
सहा महिन्यांपूर्वी आम्ही शहरातल्या जुन्या औद्योगिक पट्ट्यात फ्लॅट घेतला. इमारत मुळात गोदाम. उंच छत, बिडाचे खांब, गिलावा न केलेल्या विटांच्या भिंती, दारापेक्षा मोठ्या खिडक्या. खाली रस्त्यावर दोन आर्ट गॅलऱ्या, एक डान्स स्टुडिओ आणि अजून तग धरून असलेली चार-पाच वर्कशॉप्स. एजंटनं घर रविवारी दाखवलं होतं. रविवारीच का, ते सोमवारी सकाळी सहाला कळलं.

समोर पत्र्याचे सुटे भाग काढणारी पॉवर प्रेस आहे. धप्प. मग चार-पाच सेकंद काही नाही. पुन्हा धप्प. आवाजापेक्षा त्या मधल्या शांततेचा त्रास जास्त. झोपेतसुद्धा कान पुढच्या ठोक्याची वाट बघत राहतात. उशाशी ठेवलेल्या ग्लासातल्या पाण्यावर प्रत्येक ठोक्याला एक बारीक वर्तुळ उठतं.

आता इमारतीत सह्यांची मोहीम सुरू झालीय: वर्कशॉप इथून हलवा. मी सही करणार नाही असं ग्रुपवर लिहिलं, तर एकानं लगेच ‘महात्मा’ म्हणून हात जोडले. माझं म्हणणं साधं आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात तिसऱ्या पानावर याच वर्कशॉपचा फोटो होता. वेल्डिंगच्या ठिणग्या उडतायत आणि खाली लिहिलंय, ‘जिवंत परिसर’. ठिणग्या बघून भुललो, आता ठोकेही आपलेच. तुम्हाला काय वाटतं?

खडूस:
साफ असहमत. ‘आम्ही आधीपासून इथे आहोत’ हा बचाव इंग्लंडच्या कोर्टानं १८७९ सालीच फेटाळलाय. लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका डॉक्टरच्या घरामागे मिठाईवाल्याचा कारखाना होता. तिथे वीस वर्षांहून जास्त काळ मोठाले खलबत्ते चालत होते. डॉक्टरनं बागेच्या टोकाला, अगदी त्या भिंतीला लागून, रुग्ण तपासायची खोली बांधली आणि मग आवाजाची तक्रार केली. जिंकला डॉक्टर. २०१४ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं मोटार-शर्यतींच्या मैदानाबाबत जवळपास तेच सांगितलं. त्रास तो त्रास, तुम्ही कधी राहायला आलात याच्याशी त्याचा संबंध नाही. बिनदिक्कत सही करा.

चावडी:
खडूसराव, अर्धाच निकाल सांगितलात. त्याच निकालात न्यायमूर्ती थेसिगर असंही म्हणाले की बेलग्रेव्ह स्क्वेअरमध्ये जो उपद्रव ठरेल तो बर्मंडसीत ठरेलच असं नाही. बेलग्रेव्ह स्क्वेअर म्हणजे बड्या लोकांची वस्ती, आणि बर्मंडसी म्हणजे तेव्हा कातडी कमावणाऱ्यांचा भाग. आज त्याच बर्मंडसीतल्या गोदामांचे झकास फ्लॅट झालेत! मग परिसराचा स्वभाव ठरवायचा तो कुठल्या सालचा? दहातली नऊ वर्कशॉप्स उठली की दहावं काही न करता उपद्रवी ठरणार.

रात्रपाळी:
तुमची तत्त्वं तुमच्यापाशी. मी नर्स आहे, सकाळी आठला घरी येऊन झोपते. माझ्याही घराजवळ असंच एक यंत्र होतं. तीन महिन्यांत मी वॉर्डात औषधाची बाटली दोनदा वाचायला लागले, कारण पहिल्यांदा वाचलेलं डोक्यात राहीना. मी सही केली होती. वाईट वाटलं, पण केली.

लेथवाल्याचा मुलगा:
‘हलवा’ हा शब्द काय सहज लिहिलाय! सोफा आहे का तो? प्रेस फाउंडेशनवर बोल्ट मारून बसवलेली असते. ती उचलायला क्रेन, नव्या जागी थ्री-फेज वीजजोडणी, पुन्हा पायापासून लेव्हलिंग. तेही एक वेळ जमेल. पण डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, तुटली तर डायमेकर दोन गल्ल्या सोडून असतो, धातूवर मुलामा चढवणारा प्लेटिंगवाला तिसऱ्या गल्लीत, माल हातगाडीवरून जातो. छोटं वर्कशॉप टिकतं ते या चालत जायच्या अंतरावर. शहराबाहेर जागा मोठी मिळते, पण एक डाय दुरुस्त करायची तर अख्खा दिवस जातो आणि तेवढा वेळ मशीन बंद. आमचं वर्कशॉप असंच ‘हलवलं’. आठ कामगारांतले सहा आलेच नाहीत, रोज दोन तास जाऊन दोन तास परत कोण येणार? अडीच वर्षांत कुलूप.

आणि हेही लिहितो: वडिलांना पन्नाशीतच कमी ऐकू यायला लागलं होतं. तेव्हा त्या आवाजाचं कौतुकही मला कुणी सांगू नका. ‘जिवंत परिसर’ म्हणे!

खडूस:
म्हणजे तुमच्या या डायमेकर-प्लेटिंगवाल्याच्या साखळीचा खर्च शेजाऱ्यांनी झोपमोड करून भरायचा?

लेथवाल्याचा मुलगा:
शेजारी आमच्याकडे आले. आम्ही त्यांच्याकडे गेलो नव्हतो.

दुहेरी काच:
दोघंही चुकीच्या माणसाशी भांडताय. बिल्डर कुठाय यात? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०१४ मध्ये संगीताच्या जागांसाठी नियम आणला, इंग्लंडनं २०१८ मध्ये तोच विचार नियोजनाच्या धोरणात घातला आणि तिथे चालू उद्योगधंदेही त्यात धरले. जो नंतर येऊन बांधतो, आवाजाचा बंदोबस्त त्यानं करायचा. तळमजला, तुमच्या खिडक्यांना एकेरी काच आहे ना? ‘इमारतीचं मूळ रूप जपलंय’ असं सांगून स्वस्तात उरकलं असणार.

मात्र काच बदलून फार आशा ठेवू नका. ग्लासातलं पाणी हलतंय म्हणजे हादरा जमिनीतून आणि खांबांतून येतोय. तो रोखायचा तर प्रेसखालीच, रबराचे किंवा स्प्रिंगचे कंपनरोधक पॅड टाकून. त्यासाठी वर्कशॉपवाल्याशी बोलावं लागेल. चाळीस सह्यांचा कागद हातात घेऊन गेलात तर तो कशाला ऐकेल?

पारा:
अवांतर आहे, तरी लिहितो. आवाज निदान ऐकू तरी येतो. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होबोकनला एक जुनी फॅक्टरी होती, पाऱ्याच्या वाफेचे दिवे बनवणारी. नव्वदच्या दशकात कलावंतांनी मिळून ती विकत घेतली आणि हौसेनं राहायची घरं केली. नंतर लाकडी फळ्यांखाली पारा सापडला, अक्षरशः थेंबच्या थेंब. १९९६ मध्ये सगळ्यांना घरं सोडावी लागली आणि पुढे इमारतच पाडली. धातूवरचं ग्रीस काढायला वापरायचे ते द्रावक तर जमिनीत मुरतात आणि त्यांची वाफ वर्षानुवर्षं तळमजल्यावरच्या खोल्यांत येत राहते. धागाकर्त्याचा आयडीच ‘तळमजला’ आहे म्हणून विचारतो: गोदामाआधी तिथे काय होतं? मातीची तपासणी केली होती का? ते कागद मागा आधी, सह्यांचं नंतर बघा.

भाडेकरू:
तळमजला, तुमची न केलेली सही मला जरा स्वतःची पाठ थोपटण्यासारखी वाटते. राग मानू नका. न्यूयॉर्कच्या सोहो भागात बंद पडत चाललेल्या कारखान्यांच्या माळ्यांवर चित्रकार चोरून राहायचे. १९७१ मध्ये शहरानं फक्त कलावंतांना तिथे राहायची परवानगी दिली. १९८२ मध्ये अशा माळ्यांवरच्या भाडेकरूंसाठी वेगळा कायदाही आला. आज सोहोत कोण राहतं? ज्यांना परवडतं ते. कारखान्यांविरुद्ध तिथे कुणी सह्या गोळा केल्या म्हणून हे झालं का? जागा महाग झाली की बाकीचं आपोआप होतं. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी लंडनमधल्या अशा बदलाला १९६४ मध्ये ‘जेंट्रिफिकेशन’ हे नाव दिलं, तेव्हाही गोष्ट हीच होती. तुम्ही सही करा नाहीतर करू नका, तुमचा फ्लॅट ज्या किमतीला गेला ती समोरच्या जागामालकाला पाठ असणार. वर्कशॉपवाला मालक आहे की माझ्यासारखा भाडेकरू, एवढं तरी विचारलंत?

तळमजला:
भाडेकरू, राग नाही. नव्हतं विचारलं. काल जाऊन आलो.

भाडेकरूच आहे. करार पुढच्या वर्षी संपतोय, नवा होईल असं त्याला वाटत नाही. सहालाच का सुरू करता, तर नऊला माल घ्यायला टेम्पो येतो. पॅडचं सांगितलं. म्हणाला, टाकतो की, पण वर्षभरासाठी खर्च कोण करणार? निम्मा मी देतो म्हटलं, तर हसला आणि हात पुसत मला प्रेस दाखवायला घेऊन गेला. जवळून तो ठोका छातीत बसतो. बोलताना तो प्रत्येक ठोक्याला बरोबर थांबायचा आणि वाक्य पुढे चालू करायचा. आपण असं थांबतो हे त्याला माहीत नसावं.

पारा, मातीच्या कागदांसाठी बिल्डरला मेल टाकलाय. उत्तर नाही.

निवेदन सोमवारी देणार आहेत. माझी सही नाही. बायकोची आहे.