शब्दचर्चा : ओवी गातात, म्हणतात की ओवतात?

प्रश्न :
मुलीच्या शाळेत लोकगीतांचा कार्यक्रम झाला. निवेदनात सांगितलं, 'ओवी हा संतांच्या ग्रंथांतला छंद, तिथून तो जात्यावर आला.' मला हे उलटं वाटतं. शिवाय माझी आजी 'ओवी गाते' असं कधी बोलली नाही, 'ओव्या म्हणते' असंच बोलायची. बरोबर काय? आणि 'ओवणे'शी या शब्दाचं नातं खरंच आहे का?

प्रतिसाद :
ताई, तुम्हाला वाटतं तेच बरोबर. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात (इ.स. 1129) स्पष्ट उल्लेख आहे की महाराष्ट्रातल्या बायका कंडन करताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी 1290 ची. म्हणजे ज्ञानदेवांनी ओवी हाती घेतली तेव्हा ती निदान दीडशे वर्षं बायकांच्या तोंडी होती. ज्ञानेश्वरीच्या सुमारे 9,000 ओव्यांचं मूळ असं घरातल्या कष्टांत आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

यातलं 'कंडन' नीट बघा. ते आपलं कांडण, म्हणजे उखळ-मुसळ. जातं नव्हे. जनाबाईंच्या 'दळितां कांडितां तुज गाईन अनंता' या ओळीत दोन्ही कामं शेजारी शेजारी आलीत. त्यामुळे 'जात्यावरची ओवी' हे नाव रूढ असलं तरी जरा अपुरं आहे.

व्युत्पत्ती बहुतेक जण 'ओवणे'वरूनच सांगतात आणि मलाही ती पटते. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची : तीन चरणांना यमक, चौथा आखूड. घरची ओवी बहुधा दोन ओळींत आटपते. पण एकदा भावाचं नाव निघालं की पुढच्या दहा ओव्या भावाच्याच. त्याची वाट, त्याचा बैल, त्याने आणलेली चोळी. एकीमागे दुसरी ओवली जाते ती ही अशी.

'गाते' आणि 'म्हणते' दोन्ही चालतात. ओवीच्या आत 'गाते' येतं, बोलताना बाया 'म्हणते' म्हणतात. आमच्या मुळशीकडे चालीला 'गळा' म्हणतात. ओवी तीच, पण हिचा गळा निराळा, तिचा निराळा.

मी एकदा आजीला ओव्या लिहून घ्यायला बसवलं. नुसत्या सांगायला गेली की दुसऱ्या ओळीला अडायची. मग तिने उजवी मूठ गुडघ्यावर ठेवली, जात्याचा खुंटा धरल्यासारखी, आणि हात गोल फिरवायला लागली. तेव्हा कुठे ओव्या यायला लागल्या, आणि मधे मधे 'बाई', 'गं', 'माझ्या' असे शब्द, जे सांगताना एकदाही आले नव्हते. कागदावर मी ते लिहिले नाहीत. आज वाटतं, लिहायला हवे होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या बऱ्याच आवाजासकट जपल्या. ते मोल मला त्या दिवशी कळलं.

दुसरा प्रतिसाद :
दादा, आमच्या खानदेशात जात्याला 'घरोटं' म्हणतात. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही 'घरोटा' आहे. एक विचारायचं होतं : जात्याच्या तोंडात मुठीने धान्य सोडतात, त्याला तुमच्याकडे काय शब्द?

उत्तर :
'वैरण'. एका हाताने खुंटा, दुसऱ्या हाताने वैरण. काही ठिकाणी 'घास' म्हणतात, तोही सुंदर आहे. गुरांच्या चाऱ्यालाही वैरणच. आणि क्रियापद 'वैरणे' तर जातं गेल्यावरही घरात टिकलंय : आधणाला उकळी आली की माझी आई अजून विचारते, 'तांदूळ वैरलेस का?'